उसातला बिबट्या कुठून 'घुसलेला' नसतो

बिबट्याची बातमी आली की पहिला शब्द असतो 'घुसला'. बिबट्या वस्तीत घुसला, बिबट्या गावात शिरला. मी आता या शब्दावरच अडून बसलोय, कारण मला वाटतं बिबट्याच्या बाबतीत आपण जे जे चुकतो त्याची सुरुवात इथूनच होते. घुसला म्हटलं की तो बाहेरचा झाला, बाहेरचा म्हटलं की उचला आणि परत नेऊन सोडा, आणि परत म्हणजे जंगलात, हे सगळं आपोआप ठरून जातं, मध्ये कुणी थांबून विचार करत नाही. पण पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले या पट्ट्यातला बिबट्या उसात जन्मतो, उसात वाढतो, बांधावरचं कुत्रं धरून खातो आणि बऱ्याच वेळा शेतातल्या विहिरीत पडून नाहीतर हायवेवर गाडीखाली येऊन मरतो. त्यातल्या कित्येकांनी जंगल कधी बघितलेलंच नसतं. मग त्याला परत पाठवायचं म्हणजे नक्की कुठे?

माझ्या मामाचं शेत आंबेगाव तालुक्यात आहे. तो सांगतो की कालवा यायच्या आधी तिथे बाजरी, हुलगा, मठ एवढंच व्हायचं, उन्हाळ्यात तर नजर जाईल तिथपर्यंत मोकळं रान. मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. पैसा आला, पोरं शिकली, घरं पक्की झाली, याबद्दल कुणी नाक मुरडायचं कारण नाही. पण बिबट्याच्या नजरेने बघा जरा. दहा-बारा फूट उंच दाट आडोसा, आत गारवा, शेजारी पाणी, आणि एकदा मातीची भर देऊन बांधणी झाली की तोडणी येईपर्यंत आत कोणी फारसं फिरकत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. मादीचं गाभणपण साधारण तीन महिन्यांचं आणि पिल्लं वर्ष-दीड वर्ष आईबरोबर राहतात, म्हणजे एका लागणीच्या उसात एक आख्खी पिढी मोठी होऊ शकते. एक रान तुटलं तरी शेजारचं उभं असतंच, तुटलेल्या बुडख्यातून खोडवा पुन्हा वाढतोच. आपण कितीही म्हणालो की हे शेत आहे, त्याच्यासाठी ते रानच आहे.

आणि खायला? लोकांना वाटतं तो शेळ्यांवरच जगतो. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. पाळीव आणि वस्तीजवळचे प्राणी सगळे धरले तर ८७ टक्के. म्हणजे त्याचं पोट जंगलावर नाही, आपल्या गावावर चाललंय. याच भागात कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ बिबटे आणि साधारण तेवढीच तरसं निघाली, आणि तिथे माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला ३०० च्या वर होती. अभयारण्य नाही काही नाही, टोमॅटो, मका आणि ऊस. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा धक्का बसला होता, कारण आपण लहानपणापासून नकाशावर हिरवे ठिपके बघत आलोय, ताडोबा, मेळघाट, चांदोली, आणि वाघरू तिथेच असतं अशी समजूत पक्की झालेली असते. देशाच्या जमिनीतला पाच टक्क्यांच्या आसपासचा भागच संरक्षित आहे. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आला, पण ती मोजणी मुख्यतः जंगलातली होती, उसातले बिबटे त्यात नीट धरलेलेच नाहीत. म्हणजे ज्याच्यावरून एवढं रण पेटलंय त्याचीच मोजदाद नाही.

आता पिंजऱ्याकडे येतो. गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची, आणि मी गावकऱ्यांना त्याबद्दल दोष देत नाही, कारण त्यांना दुसरं काही मिळतच नाही. मागितलं तर पिंजरा मिळतो, म्हणून ते पिंजरा मागतात. पण पिंजऱ्याने काय होतं हे आपण एकदा बघितलेलं आहे, तेही जुन्नरलाच. २००१ ते २००३ या काळात उसातून बिबटे धरून लांब जंगलात नेऊन सोडले गेले, ज्यांनी कुणाला काही केलं नव्हतं असेही. त्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते १७ वर गेले, आणि हल्ल्यांमधले जीवघेणे किती, ते प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झालेला आहे, लपलेला नाही. त्याच वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या की नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नका, पकडणं हा शेवटचा उपाय ठेवा. त्यालाही आता बरीच वर्षं झाली आणि बिबट्या दिसला की आपण अजून पिंजऱ्यापासूनच सुरुवात करतो.

असं का होतं हे समजून घ्यायला फार विज्ञान लागत नाही. बिबट्याचा इलाखा असतो, कुठे पाणी, कुठे कुत्री, माणसं किती वाजता कुठून जातात हे सगळं त्याला पाठ असतं आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं कुणाला न दिसता राहतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकला की तो बिथरलेला, कदाचित पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडलेला, आणि तिथला आधीचा बिबट्या त्याला टिकू देत नाही. इकडे रिकामी झालेली जागा महिना-दोन महिन्यांत दुसरा कोणी भरतो, बऱ्याचदा तरणाबांड, नवखा, ज्याला या गावाची चालरीत माहीत नाही. म्हणजे ओळखीचा घालवून अनोळखी आणला. आणि धरलेला तरी तिथे राहतो का? २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला विहिरीत पडलेला एक वयस्कर नर वाचवला, गळ्यात माग काढणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, आजोबा नाव दिलं होतं त्याला. तो तिथून निघाला तो कसाऱ्याकडून हायवे ओलांडत, वसईची खाडी पार करत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत कुणा माणसाला त्याने इजा केली नाही. दोन वर्षांनी मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेत मेला. मला ही गोष्ट फार लागते. एवढ्या माणसांमधून इतकं सांभाळून चालणारं जनावर.

पण हे सगळं लिहिताना मला पिंपरखेड विसरता येत नाही, आणि विसरूही नये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या या गावात आणि आसपास वीस-एकवीस दिवसांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला, वनखात्याची गाडी जाळली, आणि नंतर शूटर आणून बिबट्याला गोळी घातली गेली. त्या दिवसांत बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाचे फोटो आले होते. ते फोटो बघून ज्याला काहीच वाटलं नाही त्याने वन्यजीवांबद्दल बोलूच नये असं माझं मत आहे. ज्या घरातलं पोर अंगणातून उचलून नेलं त्या घरासमोर उभं राहून सहजीवन हा शब्द उच्चारायची हिंमत माझ्यात नाही. शहरात बसून 'माणसानेच त्यांच्या जागेवर अतिक्रमण केलं' असं जे लिहिलं जातं ना, ते आधी थांबवा, कारण ते खोटंही आहे आणि क्रूरही. त्या शेतकऱ्याने कुठलं जंगल तोडलं? बापजाद्यांपासून तो तिथेच आहे, बाजरी काढून ऊस लावला एवढाच काय तो बदल, आणि त्याची साखर आपण सगळेच खातो.

म्हणून गोळी घालण्याबद्दलही सरळ बोलतो. जो बिबट्या वारंवार माणसं मारतोय हे ठशांवरून, कॅमेऱ्यांवरून, नमुन्यांवरून कळतंय, त्याला संपवायची किंवा कायमचा बंद करायची तरतूद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ मध्ये आहेच आणि ती वेळेत वापरली पाहिजे, तिसऱ्या मृत्यूची वाट न बघता. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. अशा घटनेनंतर सापडेल तो बिबट्या धरायचा सपाटा सुरू होतो, दहा, वीस, आणि त्यातला दोषी कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात जन्मभरासाठी किती बिबटे ठेवणार? आणि उसात रिकाम्या झालेल्या जागांवर पुढच्या हंगामात कोण येणार याचा विचार कोण करतंय?

मग उपाय सुचवले जातात. नसबंदी करा. करून बघायला माझी हरकत नाही, मर्यादित प्रयोग व्हावा, पण उसात लपलेल्या माद्या शोधायच्या, धरायच्या, पुन्हा सोडायच्या आणि परिणाम दिसायला काही वर्षं थांबायचं, तोवर आजच्या रात्री पाण्यावर जाणाऱ्या माणसाचं काय? नसबंदी झालेल्या बिबट्यालाही भूक लागतेच. जंगलात शेळ्या सोडा म्हणजे तो बाहेर येणार नाही, हेही बोललं गेलं. अहो पण जो जंगलात राहतच नाही तो शेळी खायला डोंगर चढून कशाला जाईल, त्याला घरामागे उकिरड्यावर कुत्री मिळतायत. शेड्यूल एकमधून, म्हणजे कायद्याने सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीतून काढा, ही तिसरी मागणी. त्याने मारणं सोपं होईल, पण आपल्याला मारायचाय तो विशिष्ट बिबट्या, आणि तो ओळखणं त्याने जराही सोपं होत नाही.

माझं म्हणणं असंय की हा प्रश्न आपण वनखात्याच्या गळ्यात घालून मोकळे झालोय, आणि जंगलाच्या बाहेरचं मोठं जनावर सांभाळणं हे वनखात्याचं एकट्याचं काम असूच शकत नाही. ते वीज देणाऱ्याचं काम आहे, ग्रामपंचायतीचं आहे, साखर कारखान्याचं आहे.

विजेचंच घ्या. मामाकडे थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. रात्री बारा-एकला मोटर चालू करायला जायचं, मग दारं धरायची, म्हणजे वाकून वाकून पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, हातात बॅटरी, कानात उसाची सळसळ. वाकलेला माणूस किंवा खाली बसलेलं मूल बिबट्याला नेहमीच्या उभ्या माणसासारखं दिसत नाही, म्हणून खुरपणारी बाई, शौचाला बसलेला माणूस आणि लहान पोरं यांना धोका जास्त, हे या भागात काम केलेले लोक सांगतात. म्हणजे आपण माणसाला बरोबर बिबट्याच्या फिरायच्या वेळी, बरोबर त्याच्या लपायच्या जागी, वाकून उभं करतोय, आणि हे सरकारी वेळापत्रकाने करतोय. बिबट्याच्या पट्ट्यात शेतीची वीज फक्त दिवसा, ही मागणी शेतकरी किती वर्षं करतायत. सौर फीडरची योजना आहे, काही गावांत दिवसा वीज मिळायलाही लागलीय, मग ज्या गावांत हल्ले झालेत ती गावं यादीत सगळ्यात वर का नकोत? २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली दोनशेच्यावर गावं बिबट-आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली. यादी तयार आहे ना, मग त्याच यादीवर वीज द्या, घराच्या आसपास दिवे द्या, वस्तीवर संडास द्या. संडास म्हटलं की लोकांना वाटतं विषय भरकटला. नाही भरकटला, पहाटे अंधारात उसाच्या कडेला कुणाला जावं लागू नये हा बिबट्याचाच विषय आहे.

कुत्र्यांचं तेच. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी ओढ्यात फेकायची, हॉटेलचा खरकटा माल रस्त्याकडेला टाकायचा, त्यावर कुत्री वाढणार, कुत्र्यांवर बिबट्या. एखादी ग्रामपंचायत पोल्ट्रीवाल्यांना खड्डा करायला लावते तेव्हा ती बिबट्याचं अन्न कमी करत असते, पण तिला त्यासाठी एक रुपया वेगळा मिळत नाही. शेळ्यांना रात्री वरून जाळी असलेला बंदिस्त गोठा, हा तर साधा उपाय, गरीबातल्या गरीब शेळीवाल्या बाईला अनुदानातून द्यायला काय हरकत आहे? माणूस गेल्यावर शासन २५ लाख देतं, ते दिलंच पाहिजे, पण त्या २५ लाखांत किती गोठे झाले असते हा हिशोबही कधीतरी मांडावा लागेल.

आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते ऊसतोडणीवाल्यांबद्दल. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरच्या बाजूने टोळ्या येतात, फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात, दार नाही, दिवा नाही, आणि पहाटे अंधारात आईबाप कोयता घेऊन फडात गेल्यावर लहान पोरं तिथेच झोपलेली असतात. नेमका तोच काळ असतो जेव्हा ऊस तुटत जातो तसा बिबट्याचा आडोसा रोज कमी होत जातो. फडात पिल्लं सापडतात ती याच दिवसांत. त्याबाबतीत मात्र एक गोष्ट या भागाने खरंच शिकून घेतलीय, पिल्लं उचलून न नेता संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, लांब थांबायचं, आणि रात्रीत आई येऊन एकेक उचलून नेते. कित्येक वेळा हे यशस्वी झालंय, आणि त्यासाठी एक दिवस तोडणी थांबवायला शेतकरी तयार झालेले आहेत. त्या लोकांना मी मनापासून मानतो. ज्याच्या उसाचं वजन रोज घटतंय तो माणूस जनावराच्या पिल्लासाठी एक दिवस थांबतो.

हे काही नवीन संस्कार नाहीत. अकोले-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर लोक वाघबारस करतात, पालघरकडे वारल्यांचा वाघोबा आहे, त्याला नैवेद्य देऊन मागणं असतं की आमच्या गुराढोरांना सांभाळ. पण याच्या जोरावर लोकांच्या सहनशीलतेला गृहीत धरायचं, हे मला अजिबात पटत नाही. वाघोबाला मानणारा माणूसही पोर गेल्यावर रडतोच. माळावरच्या धनगराचंही असंच, लांडग्याने मेंढरू नेलं तर त्याचा वाटा म्हणून सोडून देणारे धनगर सासवड-बारामतीकडे अजून भेटतात, पण माळ फॅक्टऱ्यांना आणि प्लॉटिंगला गेले आणि चराईच उरली नाही तर तो तरी किती सोडून देणार. आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचा वाघाचा प्रश्न आणखी वेगळा आहे, तिथे तेंदूपत्ता आणि मोहफुलाला जाणाऱ्या बायका मरतात, तिथे उसातली उत्तरं चालणार नाहीत, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मुंबईचं उदाहरण नेहमी दिलं जातं की बघा, तिथे एवढे बिबटे असून कसं जमतं. जमतं, पण ते आपोआप जमलेलं नाही. २००४ च्या सुमारास तिथेही लागोपाठ बळी गेले होते, बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांचाही त्यात हात होता असं मानलं जातं. मग तिथे कचरा, दिवे, संडास, पोलिसांना आणि पत्रकारांना माहिती देणं, यावर संजय गांधी उद्यानाने आणि मुंबईकरांनी मिळून बरीच वर्षं काम केलं. शिरूरच्या माणसाचा जीव मुंबईच्या आरेतल्या माणसापेक्षा स्वस्त आहे का, की त्याच्या वाट्याला फक्त पिंजरा आणि धोक्याचा सायरन यावा?

दरवर्षी पावसाळा संपता संपता कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. मामा तीस वर्षं सभासद आहे, सभेत एकदाही बोललेला नाही, दर जाहीर झाला की उठून यायचा. यावेळी त्याने शेजारच्या चार सभासदांना घेऊन अर्ज लिहिलाय, साधा वहीच्या कागदावर. टोळ्यांसाठी फडाच्या कडेला कोप्या नकोत, गावालगत एका जागी पत्र्याचं शेड, दिवा, संडास आणि पोरांसाठी दिवसभर एक बाई, खर्च टनामागे कापून घ्या, आमची हरकत नाही. मी त्याला विचारलं, मंजूर होईल का. तो म्हणाला, नाही झालं तर पुढच्या वर्षी परत देऊ, पण या वर्षी आपल्या बांधावर कोपी पडू द्यायची नाही, आपलं जुनं घर रिकामंच आहे, त्यात राहू दे त्यांना.